मोलकरणीच्या भूमिकेत नेलिदा

मंगळवार, २४ सप्टेंबर

डोकं फिरलंय. कुणाशी बोलले तर भांडण होईल, म्हणून लिहायला बसले.

मंडळाच्या कोजागिरीचं पत्रक आज व्हॉट्सअॅपवर आलं. त्यात लिहिलंय, ‘प्रमुख पाहुण्या: अर्जेंटिनाच्या सुप्रसिद्ध सिनेतारका नेलिदाजी.’ सिनेतारका! आणि खाली फोटो कुणाचा, तर सिनेमातल्या नायिकेचा. गळ्यात मोत्यांची माळ, कोरलेल्या भुवया, डोळ्यांत ग्लिसरीन. मूळ फोटोत तिच्या मागे नेलिदा उभी आहे, हातात ट्रे घेऊन, निम्मी चौकटीबाहेर. पत्रक करणाऱ्याने ती उरलेली निम्मीही कापून टाकली.

ताबडतोब उल्हासरावांना फोन लावला. उल्हासराव आमच्या किचनरच्या मंडळाचे अध्यक्ष. कॅनडात आले तेव्हा इथे हिंग मिळत नव्हता, हे ते दर भाषणात सांगतात. त्यांना म्हटलं, “ही नायिका वारली त्याला कैक वर्षं झाली. नेलिदा सिनेमात तिची मोलकरीण झाली होती.”

“अहो मृणालिनीताई, मोलकरणीचा सत्कार आहे म्हटलं तर कोण येईल? लोकांना ग्लॅमर लागतं. अॅक्ट्रेस तर आहे ना त्या? मग झालं की.”

झालं की! मी फोन ठेवून दिला. पत्रक आमच्या गंधारने केलंय, पण त्याने नुसतं टाइप केलं असणार. मजकूर आणि फोटो उल्हासरावांचाच. माझा मुलगा असा नाही.

नेलिदा कोण, हे इथे एकदा लिहून ठेवते. नव्वदीला टेकलेली बाई, आमच्या घरामागच्या सिनियर्सच्या बिल्डिंगमध्ये एकटी राहते. गेल्या हिवाळ्यात बसस्टॉपवर बर्फावरून माझा पाय सरकला तेव्हा तिने माझा दंड धरला. माझ्याहून वीस वर्षांनी मोठी आणि पकड अशी की निळं पडलं. तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार मी तिच्याकडे जाते. आमचं बोलणं इंग्रजीत, तिचंही मोडकं आणि माझंही. इथे मराठीत लिहिते.

नातीची, ऊर्मीची, स्कूलबस यायची वेळ झाली. तिला आणून पोळ्या टाकायच्यात.


शुक्रवार, २७ सप्टेंबर

नेलिदाकडे गेले होते. पत्रक तिला दाखवलं नाही, लाज वाटली.

आज आणखी एक जुना सिनेमा पाहिला. तिचा भाचा ब्युनोस आयर्सहून पेनड्राइव्हवर पाठवतो, खाली इंग्रजी अक्षरं येतात. सगळ्या सिनेमांत रडारड. बिनलग्नाचं मूल, आंधळी आई, जुगारात घर घालवणारा बाप, शेवटी पाऊस आणि रेल्वे स्टेशन. मी नागपूरला शाळेत गणित शिकवत होते तेव्हा असलं काही पाहणाऱ्यांना हसत असे. आता नायक-नायिकेकडे मी बघतच नाही. नेलिदाने मला मागे बघायला शिकवलं.

“हा बघ,” ती काठीने पडदा दाखवते, “हा जन्मभर डॉक्टर. स्टेथोस्कोप स्वतःच्या घरून आणायचा. ट्रॅममध्ये बायका त्याला पोरांचे घसे दाखवायच्या. आणि ही सासू, पडद्यावर दुष्ट. दोन शॉटच्या मधल्या वेळात आमच्या पोरांसाठी मोजे विणायची. ही घरमालकीण, हा पाद्री, हा पत्र आणणारा. रोज सकाळी एका स्टुडिओतून दुसऱ्यात. कथा बदलायची, आम्ही तेच.”

“आणि तू?”

“मी बाविसाव्या वर्षी केसांना पांढरं फासून म्हातारी झाले, ती अजून आहे.”

ट्रेवरच्या कपबशा मेणाने चिकटवायचे म्हणे, आवाज होऊ नये म्हणून. आणि तिची सावली नायिकेच्या गालावर पडली की सगळे ओरडायचे. नायिका रडत असताना हिने श्वासही जपून घ्यायचा. मला ऐकतानाच संताप येत होता. म्हटलं, “तू बोलली नाहीस त्यांना काही?” ती म्हणाली, “बोलायला मला वाक्य कुठे होतं?”

मंडळात दाखवायचाय तो सिनेमा मात्र वेगळा. त्यात तिचा एक प्रवेश आहे. घरातलं पोर सासूने अनाथाश्रमात धाडलंय. संध्याकाळी मोलकरीण जेवणाचं टेबल लावते. सवयीने लहान ताट मांडते. मग थांबते, ते उचलते, पदराने पुसते, म्हणजे तिच्या त्या एप्रनने. ताट स्वच्छच असतं. आतून घंटी वाजते आणि ती जाते. बस. एक शब्द नाही. दिग्दर्शकाला तो ठेवायचा नव्हता, पण संकलकाने भांडून ठेवला.

हा प्रवेश नेलिदाने लोकांत बसून कधीच पाहिलेला नाही. सिनेमाच्या पहिल्या खेळाला मागच्या नटांना बोलावत नसत. नंतर ती दुसऱ्या शूटिंगला. पुढे लष्कराची राजवट आली आणि ती नवऱ्यासोबत देश सोडून इथे आली, कारखान्यात कोटांना अस्तर लावायला. आता नोव्हेंबरमध्ये तिची मुलगी तिला मॉन्ट्रियलला नेतेय, केअर होममध्ये. ती म्हणाली, “एकदा माणसं भरलेल्या हॉलमध्ये तो प्रवेश झाला की मी जायला मोकळी.”

मी कोजागिरीचा घाट घातला तो एवढ्यासाठीच. हे झालंच पाहिजे.


रविवार, ६ ऑक्टोबर

आज कमिटीची मीटिंग आमच्याकडे. सकाळपासून थालीपिठं थापत होते. गंधार यंदा मंडळाचा सांस्कृतिक सचिव आहे, त्यामुळे मीटिंगा आमच्याकडेच होतात. बेसमेंटमध्ये सगळे बसतात, मी वरून खाली नेत राहते.

कार्यक्रम ठरला. आधी दीपप्रज्वलन, मग उल्हासरावांचं स्वागतपर भाषण, पाहुण्यांचा सत्कार, अपूर्वाच्या ग्रुपचा डान्स, सिनेमा, शेवटी मसाला दूध. सिनेमाआधी मी दहा मिनिटं बोलणार होते, त्या मागच्या नटांबद्दल, म्हणजे कुठे बघायचं ते लोकांना कळेल. लिहूनही काढलं होतं. गंधार म्हणाला, “आई, दहा इज टू लाँग. पाच कर.” मी थालीपिठाची दुसरी खेप घेऊन खाली आले तोवर पाचाची दोन झाली होती. कॉफी घेऊन आले तेव्हा उल्हासराव म्हणत होते, “दोन मिनिटांत काय होणार? मीच माझ्या भाषणात कव्हर करतो.” वेळ कमी आहे हे खरंच आहे. त्याबद्दल मला काही वाटत नाही. माझं काय एवढं.

पण नेलिदाचं नाव ते ‘नलिनीजी’ म्हणत होते तेव्हा मात्र मी बोलले. जिन्यातूनच बोलले, हातात किटली होती.

“सॉरी, सॉरी,” उल्हासराव म्हणाले. “ताई, थालीपीठ मात्र फर्स्ट क्लास.”

लॅपटॉप आणि प्रोजेक्टर गंधार सांभाळणार. एक काळजी मिटली.

थालीपिठं पुरली नाहीत. मी नंतर दहीपोहे खाल्ले.


सोमवार, १४ ऑक्टोबर

थँक्सगिव्हिंगची सुट्टी. सून शिवांगी म्हणाली, “आई, तुम्ही आराम करा आज,” आणि तिघं व्हिटबीला तिच्या बहिणीकडे गेले. राहिलेले कपडे मशीनला लावले आणि नेलिदाकडे गेले.

तिने तिचा काळा ड्रेस काढून ठेवलाय. मला म्हणाली, “तू माझ्या शेजारी बसशील ना? मला तिथलं कुणीच ओळखीचं नाही.” म्हटलं, “अगदी शेजारी, पहिल्या रांगेत.”

मग तिने मध्येच विचारलं, “तू कायम घड्याळ का बघतेस?” म्हटलं, “घरी मंडळी येतील, जेवण व्हायचंय.” ती म्हणाली, “तुझ्या घरी नोकर नाहीत?” मी हसले. कॅनडात कुणाकडे असतात नोकर? ती हसली नाही. तिला आपल्याकडचं घर म्हणजे काय ते कळत नाही. मुलाने हक्काने इथे आणलं, स्वतंत्र खोली दिली, आणखी काय हवं? तिच्या मुलीने तर तिला केअर होम दाखवलं.

येताना मात्र जरा चिडचिड झाली. कशाने ते कळलं नाही. थंडी असेल.

कधी वाटतं हे सगळं मी तिच्यासाठी करतेय की मंडळाला दाखवून देण्यासाठी? उल्हासरावांचं तोंड बंद व्हावं असं मला मनापासून वाटतं, हे खोटं कशाला लिहू.


शनिवार, १९ ऑक्टोबर

कोजागिरी खरी बुधवारीच होऊन गेली. आपल्या लोकांचा चंद्र वीकेंडला उगवतो.

मी इतकी चिडलेय की अक्षर नीट येत नाहीये. सगळं क्रमाने लिहिते.

नेलिदाला गंधारच्या गाडीतून घेऊन गेलो. काळा ड्रेस, ओठांना लाल रंग, काठीला पॉलिश. हॉल भरलेला. वॉटर्लू, केंब्रिज, कॅनडातल्याच लंडनहूनसुद्धा माणसं आलेली. तिने दारातून ती गर्दी पाहिली आणि माझा हात दाबला. तिला पहिल्या रांगेत बसवलं, शेजारच्या खुर्चीवर माझी पर्स ठेवली. तेवढ्यात गंधार आला.

“आई, एक पाच मिनिटं किचनमध्ये बघतेस? दुधाची मोठी पातेली चढवलीत आणि तिथे कुणीच नाहीये. मुलींना कळत नाही गं. बुडाला लागलं तर वाट लागेल.”

दूध ढवळत राहावंच लागतं. त्यात काजू-बदामाची पूड पडली की तळाला बसते, आणि एकदा लागलं की सगळ्या दुधाला जळका वास. मी म्हटलं, आत्ता दीपप्रज्वलन चाललंय, सिनेमाला अवकाश आहे. गेले. एक पातेलं आटलं की दुसरं चढत होतं. मध्ये साखर संपली, मग वेलदोडे कुणी आणलेच नव्हते, ते माझ्या पर्समध्ये होते आणि पर्स खुर्चीवर. उल्हासरावांचं भाषण भिंतीतून ऐकू येत होतं. हिंग आला, मग पहिला विंटर आला, मग मंडळाची स्थापना आली. संपेचना. मी उमाला म्हटलं, “सिनेमा सुरू झाला की मला सांग.” उमा माझी इथली एकुलती एक मैत्रीण, ती पेले लावत होती. तिने जाऊन पाहून सांगितलं की सुरू झालाय, पण तुझा प्रवेश यायला वेळ आहे. तिला मी सगळं सांगून ठेवलं होतं, टेबल लावते ते दिसलं की बोलाव.

मग टाळ्या ऐकू आल्या. उमा आत आली. तिचं तोंड उतरलेलं.

“मृणालिनी, ते दाखवलंच नाही. फॉरवर्ड केलं. एकदम ती रेल्वे स्टेशनवर रडते तिथे गेलं, आणि मग दी एंड.”

“फॉरवर्ड केलं?”

“उशीर झाला होता म्हणे. हॉल रिकामा करायचाय.”

मी तशीच बाहेर गेले, हातात डाव. सत्कार सिनेमानंतरवर ढकलला होता. स्टेजवर नेलिदा खांद्यावर शाल आणि मांडीवर नारळ घेऊन बसली होती. पाठीमागे पडद्यावर नायिकेचा तो फोटो, एवढा मोठा. उल्हासराव माइकवर सांगत होते की या सौंदर्यवतीने एकेकाळी सगळ्या दक्षिण अमेरिकेला वेड लावलं होतं. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. नेलिदा हसत होती. मोलकरणीचं काम करताना हसायची तसंच, ओठ मिटून. माणसं नायिकेसाठी टाळ्या वाजवतायत आणि ही त्या टाळ्यांखाली बसलेली.

शाल-श्रीफळ! कुणाचा सत्कार केला या लोकांनी? मेलेल्या बाईचा केला. जिवंत बाई समोर बसलेली असताना. यांना भाषणाला वेळ होता, डान्सला होता, राफलची सोडत काढायलाही होता. एक बाई ताट पुसते तेवढं बघायला नव्हता.

मी उल्हासरावांना तिथेच म्हटलं, “तुम्ही तिचा प्रवेश कापलात.” ते म्हणाले, “अहो ताई, काय फंक्शन झालं! आणि दूध अप्रतिम.”

गाडीत नेलिदाने विचारलं, “हा नारळ मी काय करायचा? फोडायचा की ठेवायचा?” गंधार म्हणाला, “यू कॅन कीप इट, आँटी. इट्स ऑनर.”


रविवार, २० ऑक्टोबर

उल्हासरावांना मोठा मेसेज लिहिला. पाठवला. त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

मंडळाच्या ग्रुपवर फोटोंचा पाऊस. एकातही मी नाही, ते ठीकच, मी आत होते. पण नेलिदाच्या फोटोखाली कुणी लिहिलंय, ‘स्टिल सो ब्युटिफुल, कम्पेअर विथ ओल्ड पिक!’ फोन भिंतीवर आपटावासा वाटला.


मंगळवार, २२ ऑक्टोबर

नेलिदाकडे गेले. वाटेभर माफीची वाक्यं जुळवत होते. आमची माणसं अशीच, भाषणबाज, उल्हासरावांना मी सोडणार नाही, वगैरे. सगळं तिच्यासमोर धडाधड बोलले. ती शांतपणे ऐकत होती. नारळ खिडकीत ठेवला होता.

मग म्हणाली, “त्यांनी कापलं, ते मला कळतं. मला जन्मभर सगळ्यांनी कापलंय. शाल उबदार आहे. पण तू कुठे होतीस?”

“किचनमध्ये. दूध...”

“तू म्हणालीस, शेजारी बसेन. मी शेजारी पाहिलं तर एक पर्स होती.”

मी समजावून सांगितलं, कोजागिरीचं दूध कसं असतं, ढवळावं लागतं, बुडाला लागतं.

“दूध,” ती म्हणाली. खिडकीतला नारळ तिने जरा सरकवला. मग म्हणाली, “हॉलमधल्या माणसांपैकी मला कुणी माहीत नव्हतं, मृणालिनी. ती बघतात की नाही, काय फरक पडतो? मी तुला दाखवायला आले होते. तुला, माणसांत बसलेली असताना. दूध ढवळणारी नाही.”

मला तिचा भयंकर राग आला. हिला काय माहीत? मी या कार्यक्रमासाठी जिवाचा आटापिटा केला. शाल तरी कुणी आणली? मीच आणली होती. मी तिथून उठून आले, नीट निरोपही घेतला नाही.

घरी आले तर सिंकपाशी उभी राहून मी किती वेळ तेच एक पातेलं घासत होते कोण जाणे. शिवांगी म्हणाली, “आई, ते क्लीन आहे ऑलरेडी.”


बुधवार, २३ ऑक्टोबर

उमाचा फोन आला होता. मी उल्हासरावांवर तोंडसुख घेत होते. ती मध्येच म्हणाली, “अगं, पण फॉरवर्ड उल्हासरावांनी नव्हतं केलं. ते तर पुढे बसले होते. लॅपटॉपवर गंधार होता.”

गंधार होता. अर्थात गंधार होता. हे मला शनिवारीच माहीत होतं, मीच इथे लिहून ठेवलंय की लॅपटॉप तो सांभाळणार. चार दिवस मी एका म्हाताऱ्या माणसाला शिव्या घालत होते.

संध्याकाळी तो कामावरून आला. जेवायला वाढलं. मी वाढता वाढताच विचारलं, “सिनेमा पुढे कुणी ढकलला?”

“मी. व्हाय?” तो फोन बघत होता. “हॉल नऊला व्हेकेट करायचा होता, आई. काहीतरी स्किप करावंच लागणार होतं. त्या पार्टमध्ये काही होतच नव्हतं. एक बाई टेबल लावते, दॅट्स इट. कोण बघणार होतं ते?”

“मी.”

तो वर बघून हसला. वाईटपणे नाही. त्याला खरंच कळलं नव्हतं. “पण तू तर किचनमध्ये होतीस.”

“मला तिथे कुणी पाठवलं?”

“आई, कम ऑन. पाच मिनिटं बघ म्हटलं होतं. तू नेहमी स्वतःच जातेस. तुला आवडतं ना ते, म्हणून कुणी अडवत नाही. शिवांगी, बरोबर ना?”

शिवांगीने ताटाकडे पाहिलं. “आई, आणखी एक पोळी असेल तर...”

मी पोळी दिली. गरम करून, तूप लावून दिली. हेच मला सगळ्यात झोंबतंय. मी इतकी पेटले होते, आणि तरी याच हाताने मी पोळीला तूप लावलं.

तुला आवडतं ना ते! अरे, मला कुणी विचारलं कधी? तुझे बाबा असताना नाही विचारलं, तुझ्या कॅनडातही नाही. मी शाळेत चौथीच्या वर्गाला धाक दाखवणारी बाई, आणि इथे माझं भाषण दहाचं पाच, पाचाचं दोन, दोनाचं शून्य झालं, तेव्हा मी किटली घेऊन जिन्यात उभी होते आणि मला फक्त नेलिदाच्या नावाचा राग आला. स्वतःच्या भाषणाचा आला नाही. इथे मागे लिहिलंय मी, ‘माझं काय एवढं.’ स्वतःच्या हाताने लिहिलंय.


शुक्रवार, २५ ऑक्टोबर

नेलिदाकडे गेले. दार उघडून ती नुसती बाजूला झाली. मी म्हटलं, “तुझं बरोबर होतं आणि मला अजून तुझा राग आहे.” ती म्हणाली, “चांगलं आहे. आत ये.”

तिथून लायब्ररीत गेले आणि माझ्या नावावर तळमजल्यावरची खोली मागितली. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, “कोणत्या संस्थेतर्फे?” म्हटलं, “संस्था नाही. मी.” शनिवार, ९ नोव्हेंबर, दुपारची वेळ मिळाली. नेलिदा त्याच्या पुढच्या आठवड्यात जाणार आहे.

पत्रक मी स्वतः केलं. इंग्रजीत आणि मराठीत. ‘नेलिदा, मोलकरणीच्या भूमिकेत.’ फोटो तिचाच, ट्रेसकट. नायिका मी कापली.


गुरुवार, ७ नोव्हेंबर

दिवाळी झाली. चकल्या, करंज्या, चिवडा, सगळं केलं. करताना एकदाही बरं वाटलं नाही, हे या दिवाळीचं वैशिष्ट्य.

आज गंधारला सांगितलं, “शनिवारी दुपारी मी घरी नाही.” तो लॅपटॉपवर होता, म्हणाला, “ओके, ओके.” मग म्हणाला, “शनिवारी कमिटी आहे आपल्याकडे, दिवाळी पार्टीचं प्लॅनिंग.” म्हटलं, “असू दे. मी नाही.” तो म्हणाला, “हो, ठीक आहे.” ऐकलं की नाही कोण जाणे. मी पुन्हा सांगणार नाही.


शनिवार, ९ नोव्हेंबर

जाऊ की नको असं झालं होतं, ओट्यापाशी दोनदा जाऊन आले. मग कोट घातला आणि निघाले.

खोलीत बऱ्याच खुर्च्या रिकाम्या राहिल्या. उमा आली. नेलिदाच्या बिल्डिंगमधल्या काही म्हाताऱ्या आल्या, एक वॉकर घेऊन. मंडळाची फक्त अपूर्वा, जिच्या डान्सला वेळ मिळाला होता. ती म्हणाली, “काकू, त्या दिवशी तुमचं भाषण राहिलं ना, ते ऐकायला आले.” मग मी बोलले. पूर्ण दहा मिनिटं, कदाचित जास्तच. त्या डॉक्टरचं सांगितलं, सासूच्या मोज्यांचं, मेण लावलेल्या कपबशांचं. कुणी मध्ये थांबवलं नाही.

नेलिदाला पहिल्या रांगेत बसवायला गेले तर ती म्हणाली, “माझी खुर्ची उलटी ठेव.”

“पडद्याकडे पाठ?”

“पडद्यावर काय आहे ते मला माहीत आहे. बघणारं माणूस मी कधी पाहिलं नाही.”

ठेवली. ती माझ्या समोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. सिनेमा सुरू झाला. ती माझ्या तोंडाकडे बघतेय आणि मी तिच्या डोक्यावरून पडदा बघतेय. आधी विचित्र वाटलं, मग विसरले.

टेबलाचा प्रवेश सुरू झाला आणि मांडीवरचा फोन थरथरला. गंधार. ‘आई कुठे आहेस? सगळे आलेत. चहाचा मसाला कुठे असतो?’ पाठोपाठ दुसरा. ‘आणि चकल्या कुठल्या डब्यात?’

पाय आपोआप ताठ झाले. खरंच झाले, उठण्यासाठी. नेलिदा समोर बसून ते बघत होती. मान, पाय, हात, सगळं बघत होती. मी फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि वर पाहिलं.

हा प्रवेश मी तिच्या लॅपटॉपवर कितीदा पाहिला असेल. दर वेळी वाटायचं, बिचारी, किती दुःखी आहे. आज मोठ्या पडद्यावर दिसलं. ती ताट पुसते ते हळुवारपणे नाही. कातडं सोलावं तसं ती पुसते. जबडा आवळलेला. घंटी वाजते तेव्हा ती दाराकडे बघते ते आज्ञाधारकपणे नाही. जाते, कारण तिला जावं लागतं, पण त्या घरातल्या एकाही माणसाला तिने माफ केलेलं नाही.

दिवे लागल्यावर नेलिदाने विचारलं, “काय दिसलं?”

“तू चिडलेली होतीस.”

तिने माझा दंड धरला, बसस्टॉपवर धरला होता तसाच. “दिग्दर्शक म्हणाला होता, रड. सगळ्यांना वाटलं मी रडले.” दंड तिने सोडला नाही. “सगळ्यांना वाटलं, मृणालिनी.”

आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो. काउंटरवरचा मुलगा किल्ल्या घेऊन आला तेव्हा उठलो. येत्या शुक्रवारी तिची मुलगी गाडी घेऊन येणार. मी तिला सांगितलं, मॉन्ट्रियलची बस मला पकडता येते, कुणाला विचारावं लागत नाही.

घरी आले तर कमिटी गेलेली. गंधार म्हणाला, “आई, कुठे होतीस तू? आम्हाला टिम हॉर्टन्सची कॉफी आणावी लागली.” म्हटलं, “सिनेमाला. गुरुवारी सांगितलं होतं.” तो काहीतरी बोलणार होता. माझ्याकडे बघून थांबला, आणि हे मी याआधी कधी पाहिलं नव्हतं.

टेबलावर चकल्यांचा चुरा आहे. सिंक कपबशांनी भरलंय. मी हात धुतले आणि खोलीत आले. हे लिहून झालं तरी त्या तशाच आहेत.